अंगणातला ख्रिसमस ट्री: लागवड, निगा आणि परिणाम

ख्रिसमस ट्री म्हणजे नाताळात सजवण्याजोगे, सरळ खोडाचे, खाली रुंद आणि वर निमुळते होत जाणारे सदाहरित झाड. या व्याख्येत आकार आहे, जात नाही. महाराष्ट्रातील नर्सरीवाल्यांना ही व्याख्या फार सोयीची पडते. नोव्हेंबरअखेरपर्यंत ‘शोभेची झाडे’ या पाटीखाली धूळ खात उभी असलेली प्रत्येक निमुळती कुंडी डिसेंबर उजाडताच ख्रिसमस ट्री होते, पुढच्या रांगेत येते आणि महागते. जानेवारीत ती पुन्हा मागच्या रांगेत जाते. मधल्या काळात जी कुंडी विकली जाते, ती कोणाच्या तरी अंगणात पोहोचते आणि तेथून प्रस्तुत विषयाला सुरुवात होते.

झाड घरात आणून सजवण्याची रीत जर्मन भाषक मुलखातली. स्ट्रासबर्ग शहरात लोक खोलीत झाड उभे करून त्याला कागदी गुलाब, सफरचंदे आणि गोडधोड टांगतात, अशी १६०५ सालची नोंद आहे. इंग्लंडमध्ये राणी शार्लट यांनी १८०० साली विंडसर येथे असे झाड सजवले होते. सामान्य इंग्रजाला मात्र झाडाची ओढ लागली ती १८४८ साली. त्या वर्षी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने व्हिक्टोरिया राणी, त्यांचे पती आल्बर्ट आणि मुले सजवलेल्या झाडाभोवती जमल्याचे चित्र छापले. थोरामोठ्यांचा दिवाणखाना छापील पानावर पाहायचा आणि आपला दिवाणखाना बदलायला घ्यायचा, हा उद्योग तेव्हाही चालत होता.

कॅथलिक जगाने या झाडाला दारात घ्यायला बराच वेळ घेतला. व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकात पहिले झाड उभे राहिले ते १९८२ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. गोव्यात आणि वसईत नाताळचा जुना मान गोठ्याचा. येशूजन्माचा देखावा मांडण्याची ही प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी मांडलेल्या देखाव्यापर्यंत मागे नेली जाते. गोठा म्हटला की हिरवळ हवी, म्हणून नाताळाआधी वाट्यांतून नाचणी किंवा गहू पेरून कोंब वाढवतात. घटस्थापना करणाऱ्या शेजारणीला हे तंत्र समजावून सांगावे लागत नाही. उलट ती पाणी किती घालावे यावर दोन सूचना करून जाते. नाताळासाठी घरी काही उगवायचे असेल तर हा सर्वांत लवकर फळाला येणारा उपाय आहे. आठ-दहा दिवसांत पीक तयार होते. झाडाला आठ-दहा वर्षे लागतात.

हा आठ-दहा वर्षांचा हिशेब झाडाच्या माहेरचा, म्हणजे युरोप-अमेरिकेतला. तिकडे नाताळासाठी मुख्यतः फर, स्प्रूस आणि पाइन या सूचिपर्णी वृक्षांच्या जाती लावतात. अमेरिकेत फ्रेझर फर, बाल्सम फर आणि डग्लस फर यांना मागणी. युरोपात नॉर्वे स्प्रूस आणि नॉर्डमन फर यांना. नॉर्वे स्प्रूस स्वस्त पडतो, पण उबदार खोलीत आला की सुया गाळू लागतो, आणि त्या सुया गालिच्यात पुढच्या ईस्टरपर्यंत सापडत राहतात. नॉर्डमन फर सुया धरून ठेवतो आणि त्याची किंमत घेतो. सहा-सात फुटांचे झाड व्हायला साधारण सात ते दहा वर्षे जातात. अमेरिकेत ही झाडे शेतात पिकवण्याची सुरुवात १९०१ सालची मानतात. त्या वर्षी मॅकगॅलियार्ड नावाच्या शेतकऱ्याने न्यू जर्सीतील ट्रेंटनजवळ नॉर्वे स्प्रूसची २५,००० रोपे लावली. आता त्या देशात दरवर्षी अडीच-तीन कोटी खरी झाडे विकली जातात.

परसात एकच झाड वाढवणाऱ्या कुटुंबापुढे वेगळाच प्रश्न असतो. मूल जन्मले त्या वर्षी रोप लावले, तर झाड तोडायला येते तेव्हा मूल त्याला नाव ठेवून बसलेले असते. करवत आणण्याची तारीख आणि घरात रडारड होण्याची तारीख एकच निघते. यावर तिकडच्या बागाईतदारांनी एक तोडगा काढला आहे. झाड बुंध्यातून न तोडता खालच्या फांद्यांचा एक घेर ठेवून वरचा भाग कापायचा. खुंटावर राहिलेल्या फांद्यांच्या जोरावर नवा शेंडा फुटतो आणि काही वर्षांनी त्याच मुळावर दुसरे झाड तयार होते. मुलाला सांगता येते की झाड गेलेले नाही, केस कापून आले आहे.

दुसरा मार्ग मुळांसकट झाड आत आणण्याचा. झाड मातीच्या गोळ्यासह उपटून गोणपाटात बांधतात, सणापुरते घरात ठेवतात आणि नंतर परसात लावतात. यात दोन पथ्ये आहेत. पहिले असे की झाड घरात आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवायचे नाही. शेकोटीच्या उबेत त्याला वसंत आल्याचा भास होतो, कळ्या जाग्या होतात, आणि मग बाहेरच्या बर्फात नेऊन ठेवल्यावर त्याचा जो भ्रमनिरास होतो त्यातून ते सावरत नाही. दुसरे पथ्य खड्ड्याचे. जानेवारीत जमीन गोठून दगड होते, म्हणून खड्डा गोठण उतरण्याआधीच खणून ठेवावा लागतो. तोवर त्यावर बर्फ पडून खड्डा दिसेनासा होतो. तो नेमका कोठे आहे, हे बहुधा घरी आलेल्या पाहुण्याला सर्वांत आधी समजते.

चोरीचाही बंदोबस्त करावा लागतो. अमेरिकेतील काही विद्यापीठांच्या आवारातील सुबक सूचिपर्णी झाडे डिसेंबरात रातोरात नाहीशी होत. त्यावर तेथील बागखात्यांनी झाडांवर कोल्ह्याच्या मूत्राचे किंवा स्कंकच्या गंधाचे मिश्रण फवारायला सुरुवात केली. थंडीत बाहेर त्याचा वास फारसा जाणवत नाही. चोराने झाड घरी नेले, दिवे लावले, खोली उबदार झाली, की वास मोकळा होतो. गुन्हा आणि शिक्षा यांच्यामध्ये न्यायालयाचा विलंब नसलेली ही दुर्मीळ व्यवस्था आहे.

महाराष्ट्रात हे काहीच जमत नाही, कारण ही झाडेच जमत नाहीत. फर आणि स्प्रूस यांना दर वर्षी दीर्घ, कडाक्याच्या थंडीची विश्रांती लागते. पुण्यात जानेवारीच्या चार पहाटे स्वेटर निघतात, तेवढ्यावर त्यांचे भागत नाही. आणि एप्रिल-मे त्यांच्या सहनशक्तीच्या पलीकडचे असतात. हिमालयात फर, स्प्रूस, देवदार अशी सगळी मंडळी आहेत, पण ती तेथून खाली उतरायला तयार नाहीत. दक्षिण भारतात आपोआप उगवणारा सूचिपर्णी गटातला वृक्ष एकच, नागेइया वॉलिचियाना. तो पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडील जंगलांत राहतो आणि त्याची पाने चांगली रुंद असतात. सुया नसलेल्या या सूचिपर्ण्याला चांदणी बांधून कोणी ख्रिसमस ट्री म्हणेल, अशी शक्यता नाही. तेव्हा येथील अंगणाला बदली खेळाडू शोधावे लागतात. असे तीन खेळाडू प्रचलित आहेत: सुरू, मोरपंखी आणि अरोकेरिया.

सुरू किंवा खडशेरणी हे किनाऱ्यावरचे झाड. कोकणात वाळू आणि वारा अडवण्यासाठी समुद्रकाठी त्याच्या रांगा लावलेल्या दिसतात. गोव्यात आणि मुंबई-वसई पट्ट्यात सुरूची एखादी डौलदार फांदी आणून मातीने भरलेल्या डब्यात रोवायची आणि सजवायची, हा जुना परिपाठ. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सुरू सूचिपर्णी नाही. ज्या सुया दिसतात त्या मुळात बारीक, पेरांच्या डहाळ्या आहेत, आणि खरी पाने पेरापेरांवर खवल्यांच्या रूपात लपलेली आहेत. मुळांवरच्या गाठींत हवेतील नायट्रोजन बांधणारे जिवाणू असल्याने झाड नुसत्या वाळूतही झपाट्याने वाढते. अडचण अशी की अख्खे झाड दोन-तीन वर्षांत सजवण्याच्या पलीकडे उंच होते आणि कामाची राहते ती फक्त फांदी. शिवाय फांदी फार नाजूक. चांदीचा एक गोळा लावला की डहाळी वाकते आणि दुसरा लावला की तो डब्यातल्या मातीवर येऊन टेकतो. तरीही कोणालाही न मारता, एका फांदीवर सण साजरा करणारी ही पद्धत तिन्हींत सर्वांत शहाणी आहे. फांदी वन खात्याच्या बनातून न विचारता आणली नसेल, तर सर्वांत निर्धोकही.

मोरपंखी हे दुसरे झाड. मूळचे चीनकडचे, पण मराठी शाळेत ते ‘विद्या’ या नावाने रुळले. त्याची चपटी फांदी वहीत ठेवली की विद्या येते, असा सिद्धान्त प्राथमिक शाळांतून कित्येक पिढ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या मदतीवाचून शिकवला गेला. आकाराने मोरपंखी ख्रिसमस ट्रीच्या व्याख्येत नेमके बसते. दाट वाढते, कात्री सोसते, पाण्याची फार मागणी करत नाही. शाळेजवळच्या अंगणात मात्र त्याची लागवड टाळावी. सहामाही परीक्षा जवळ आली की चौथीतल्या मुलाचा हात पोहोचतो तिथवर झाड साफ होते, आणि दाट पसारा फक्त वरच्या बाजूला शिल्लक राहतो. डिसेंबरात असे झाड सजवले तर ते उलटे रोवल्याचा समज होतो. विद्येचे म्हणाल, तर त्या भागाच्या निकालात विशेष फरक पडल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही.

तिसरे आणि आज सर्वाधिक विकले जाणारे झाड म्हणजे अरोकेरिया. दुकानात ‘ख्रिसमस ट्री द्या’ म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी हेच पुढे केले जाते. याचे मूळ प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटावर, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला. कॅप्टन जेम्स कुक १७७४ साली तेथे पोहोचले, तेव्हा ही उंच सरळ खोडे पाहून त्यांना जहाजांच्या डोलकाठ्या दिसल्या. पुढे प्रत्यक्ष वापरात ते लाकूड डोलकाठीला पुरेसे चिवट नसल्याचे उघड झाले. हे झाड दिसते त्यापेक्षा वेगळे निघते, हा अनुभव पहिल्यांदा ब्रिटिश आरमाराने घेतला. त्यानंतर पुण्याच्या उपनगरांनी घेतला. नॉरफोक बेटाने मात्र या झाडाला आपल्या ध्वजाच्या मधोमध बसवले आहे.

अरोकेरियाची रचना देखणी असते. खोडाला ठरावीक अंतरावर फांद्यांचे मजले फुटतात आणि प्रत्येक मजल्यावरच्या फांद्या शाळेच्या कवायतीत हात बाजूला पसरलेल्या मुलांसारख्या समांतर उभ्या असतात. रोप घेताना एवढी शिस्त पाहून घरातील वडीलधारे पुरुष ताबडतोब पैसे काढतात. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, कुंडीत एकच खोड आहे की दाट दिसावे म्हणून तीन-चार रोपे एकत्र कोंबली आहेत. कोंबलेली असतील तर ती पुढे एकमेकांचे अन्न, पाणी आणि उजेड पळवतात आणि संयुक्त कुटुंबाचे सगळे प्रश्न एका कुंडीत उभे राहतात. दोन, खालचे मजले शाबूत आहेत का. अरोकेरियाची खालची फांदी एकदा गळली की त्या जागी पुन्हा फुटत नाही. ‘येईल हो, पाऊस पडू द्या’ हे नर्सरीतले वाक्य इतर सर्व झाडांना लागू आहे.

आणखी एक गोंधळ जातीचा. नॉरफोक पाइन (म्हणजे नॉरफोक बेटावरचे हे अरोकेरिया) म्हणून उष्ण प्रदेशांत लावलेली पुष्कळ झाडे प्रत्यक्षात त्याची चुलत बहीण, न्यू कॅलेडोनियाची कुक पाइन निघतात. कुक यांच्या जहाजावरून हीही झाडे प्रथम दिसली ती १७७४ सालीच. जहाजावरच्या निसर्गशास्त्रज्ञांनी लांबून पाहून ते दगडी खांब ठरवले. कुक म्हणाले, झाडे आहेत. जवळ गेल्यावर कुक बरोबर निघाले. दोन्ही जातींची रोपे लहानपणी सारखी दिसतात. मोठेपणी नॉरफोक पाइन पसरट, सुबक त्रिकोण धरते, तर कुक पाइन अरुंद खांब होऊन वर जाते. म्हणजे आपण काय विकत घेतले हे गिऱ्हाइकाला पंधरा-वीस वर्षांनी कळते. तोवर पावती हरवलेली असते आणि नर्सरीच्या जागी सात मजली इमारत उभी असते.

लागवडीला दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. देशावरच्या काळ्या जमिनीत पाणी साचते आणि साचलेल्या पाण्यात अरोकेरिया पिवळे पडते, म्हणून मातीत रेती आणि कुजलेले शेणखत मिसळून निचरा सुधारावा. कोकणात निचऱ्याची चिंता कमी. खाऱ्या वाऱ्यालाही हे झाड दाद देत नाही. भरपूर ऊन द्यावे. भिंतीपासून निदान वीस फूट लांब लावावे, असा नियम आहे. हा नियम कोणीही पाळत नाही, कारण लावतेवेळी रोप दोन फुटांचे असते आणि दोन फुटांच्या वस्तूसाठी वीस फूट सोडणे मराठी माणसाच्या व्यवहारबुद्धीला पटत नाही. परिणामी झाड कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्यांची खिडकी यांच्या बरोबर मध्यावर लावले जाते. तुळशीवृंदावन जवळ असेल तर घरातील आजी तुळशीला घातलेल्या पाण्यातले उरलेले तांब्याभर पाणी त्यालाही घालतात. धर्मांतराचा प्रश्न कोणाच्याच मनात येत नाही.

जमिनीऐवजी कुंडीत ठेवले तर वाढ आटोक्यात राहते. कुंडीतले झाड उजेडाकडे झुकते, म्हणून आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी. हे काम घरात ज्याच्यावर सोपवलेले असते तो दुसऱ्या आठवड्यापासून ते विसरतो, आणि झाड खिडकीबाहेर काही तरी पाहत असल्याची मुद्रा घेते. खोलीत फार कोरडी हवा किंवा वातानुकूलनाचा झोत असेल तर खालचे मजले वाळून गळतात. अशी कुंडी उन्हापावसात गॅलरीत ठेवून फक्त नाताळापुरती आत आणणे चांगले.

झाड रुजले की फांदी मागणारे लोक येऊ लागतात. गुलाब, जास्वंद, मधुमालती या बाबतीत ‘एक फांदी द्या हो’ ही मागणी महाराष्ट्रात नाकारण्याची पद्धत नाही, आणि न मागता नेण्याचीही पद्धत आहे. अरोकेरिया या लोकाचाराला पुरून उरते. त्याच्या बाजूच्या फांदीला मुळे फुटलीच, तर ते नवे झाड जन्मभर आडवेच वाढते. आपण फांदी आहोत ही समजूत त्याच्या मनातून जात नाही. वर्षानुवर्षे खत घातले तरी ते जमिनीशी समांतर सरकत राहते. सरळ झाड हवे असेल तर बियांपासून वाढवलेले रोप घ्यावे किंवा शेंड्याचा तुकडा लावावा. आणि शेंड्याचा तुकडा कोणी शेजारी देत नाही, कारण तो दिला की देणाऱ्याच्या झाडाचा डौल संपतो.

शेंडा हा या झाडाचा प्राण आहे, आणि परंपरेने चांदणी लावतात तीही नेमकी शेंड्यावर. घरातील सर्वांत लहान मुलाला खांद्यावर घेऊन चांदणी लावण्याचा कार्यक्रम फोटोसाठी तीनदा करावा लागतो. त्यात कोवळा शेंडा मोडला, तर पुढे दोन-तीन नवे शेंडे फुटून एकमेकांशी चढाओढ करतात. पुढच्या नाताळात चांदणी नेमकी कोणाच्या डोक्यावर ठेवायची, यावर घरात दोन पक्ष पडतात. चांदणी शेंड्याला न बांधता मागे उभ्या केलेल्या काठीला बांधावी. फांद्याही मऊ असतात; काचेच्या किंवा धातूच्या जड वस्तूंनी त्या कायमच्या झुकतात. सजावट कागदाची असावी. थर्माकोलचे गोळे हलके असतात खरे, पण सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि बंदी आलेले गोळे अजून पोत्यात जपून ठेवलेल्या घरांनी ते बाहेर काढू नयेत.

दिव्यांची वेगळी खरेदी करावी लागत नाही. गणपतीत आणलेली माळ दिवाळीत गॅलरीला असते आणि तुळशीच्या लग्नानंतर काढायची राहिलेली असते. तीच झाडावर चढते. झाडावर विजेचे दिवे लावण्याचा पहिला प्रयोग १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरी केला. त्यांच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे होते आणि झाड गोल फिरत असे. त्याआधी लोक फांद्यांना पेटत्या मेणबत्त्या लावत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवत. महाराष्ट्रातील अंगणात एका माळेतला एक दिवा गेला की अर्धी माळ विझते, आणि घरातील एक पुरुष टेस्टर घेऊन नाताळची संध्याकाळ झाडात काढतो. हे कामही उत्सवाचाच भाग समजले जाते.

येथवर झाड माणसाच्या ताब्यात असते. जमिनीत लावलेले अरोकेरिया पहिली एक-दोन वर्षे मुळे धरण्यात घालवते आणि मग दर वर्षी फूट-दोन फूट चढू लागते. साधारण चौथ्या वर्षी चांदणीला स्टूल लागते. सहाव्या-सातव्या वर्षी शिडी लागते. दहाव्या वर्षी शिडी धरणारा माणूस, चढणारा माणूस आणि खालून ‘डावीकडे, अजून डावीकडे’ सांगणारा माणूस असा तिघांचा ताफा लागतो. त्यानंतर फक्त खालचे दोन मजले सजतात आणि वरचे झाड अंधारात राहते. बाराव्या-पंधराव्या वर्षी ज्या मुलासाठी झाड लावले ते मूल वसतिगृहात जाते, झाड दुमजली घराच्या वर निघते आणि माळ पुन्हा गॅलरीत येते. मूळ बेटावर हे झाड ५० मीटरपेक्षा उंच होते. ही माहिती रोपाबरोबर दिली जात नाही.

उंची आली की नवे रहिवासी येतात. शेंड्याजवळच्या मजल्यावर कावळा घरटे बांधतो. त्याने कोणत्या झाडावर आणि किती उंचीवर घरटे बांधले यावरून यंदाच्या पावसाचा अंदाज करण्याची लोकरीत आहे; तिच्यात आंबा, करंज, बाभूळ यांची नावे आहेत, अरोकेरियाचे नाही. म्हणून सोसायटीतील जाणत्यांना त्या वर्षी अंदाज देता येत नाही आणि हवामान खात्यावर विसंबावे लागते. पिल्ले असतील तेव्हा कावळा गच्चीवर पापड घालणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याची पाहणी करतो. विजेच्या तारा जवळून जात असतील, तर पावसाळ्याआधी छाटणीसाठी माणसे येतात आणि झाडाच्या ज्या बाजूला तार आहे तेवढीच बाजू सपाट करून जातात. समोरून पाहिले तर ख्रिसमस ट्री, बाजूने पाहिले तर अर्धा ख्रिसमस ट्री.

झाड कुक पाइन असेल तर ते तिरके होते. ही माळ्याची चूक नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाच खंडांतील २५६ कुक पाइन मोजण्यात आल्या. त्या सरासरी साडेआठ अंशांनी झुकलेल्या होत्या आणि त्यांचा कल विषुववृत्ताकडे होता. उत्तर गोलार्धातली झाडे दक्षिणेकडे झुकतात, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे. त्यामुळे महाराष्ट्रातील अंगणात हे झाड दक्षिणेच्या शेजाऱ्याच्या हद्दीवर कलते. वास्तुशास्त्राचे सल्लागार दक्षिणेबद्दल आधीच गंभीर असतात. दक्षिणेचा शेजारी झाड पडण्याच्या भीतीने तक्रार करतो, उत्तरेचा शेजारी सावलीबद्दल करतो, आणि झाडाचा मालक दोघांना संशोधनाचा हवाला देतो. त्याने दोघांचेही समाधान होत नाही.

शेवटी कोणाच्या तरी तोंडून करवतीचा विषय निघतो. येथे अमेरिकन आणि मराठी परसातला मुख्य फरक उघड होतो. तिकडे झाड लावतात तेच तोडण्यासाठी. महाराष्ट्रातील शहरांत झाडांचे संरक्षण व जतन करणारा १९७५ चा कायदा लागू आहे. स्वतःच्या अंगणातले, स्वतः लावलेले, स्वतः पाणी घातलेले झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. अर्ज करावा लागतो, पाहणी होते, हरकती मागवणारी सूचना वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि तिची एक प्रत झाडावर चिकटवली जाते. अनेक वर्षांनंतर झाडाला मिळालेली ही पहिली सजावट. २०२१ च्या दुरुस्तीने भरपाईची लागवडही वाढवली: तोडायच्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावायची. वीस वर्षांचा एक ख्रिसमस ट्री काढणाऱ्याला वीस झाडे लावावी लागतात. झाड पन्नाशीला पोहोचले तर ते वारसा वृक्षांच्या गणतीत जाते, आणि मग ते त्या घराचे उरत नाही. घर त्याचे होते.

या सर्वांचा निष्कर्ष सरळ आहे. ज्यांना पाच-सात नाताळांपुरती हौस आहे त्यांनी अरोकेरिया कुंडीत वाढवावे आणि कुंडीतून बाहेर पडू देऊ नये. ज्यांना एकाच नाताळाची हौस आहे त्यांनी ओळखीच्या वाडीतून सुरूची फांदी मागून आणावी. ज्यांचे अंगण खरोखर मोठे आहे आणि ज्यांना मुलाच्या, नातवाच्या आणि कावळ्याच्या उपयोगी पडेल असा उंच वृक्ष हवा आहे, त्यांनी बेलाशक जमिनीत लावावा, पण तो दर वर्षी सजवता येईल ही आशा सोडावी. रोप बाजारात डिसेंबरात मिळत असले तरी जमिनीत लावण्याचा योग्य काळ पावसाळ्याची सुरुवात हा आहे. तोवर ते कुंडीत ठेवावे. जागेचा पुन्हा एकदा विचार करायला सहा महिने मिळतात.